कुठे अडलात, तेवढं सांगा

आषाढ लागला की आमच्या दिवाळी अंकाकडे कथा यायला लागतात. जाहिराती यायला भाद्रपद उजाडतो, कथा मात्र आधीच हजर असतात. जवळजवळ प्रत्येकीसोबत एक ओळ असते : ‘परखड अभिप्राय कळवावा.’ मी कळवते. त्यानंतर लेखकाकडून काहीच येत नाही, किंवा लांबलचक उत्तर येतं आणि त्यात मी कथा नीट वाचलेली नाही हे सिद्ध केलेलं असतं.

यात एकट्या लेखकाला दोष देऊन उपयोग नाही. अभिप्राय द्यायचा कसा आणि घ्यायचा कसा, हे आपल्याकडे कुणी शिकवत नाही. कथा वाचून झाली की बोलायची दोनच वळणं आपल्याला ठाऊक. एक म्हणजे ‘छान जमलीय’. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या साहित्यसमूहात याला जोडून अंगठा, फुलं आणि नमस्कार. दुसरं म्हणजे थेट आशयावर उडी : ग्रामीण वास्तव कितपत उतरलं, बाईची बाजू आली का, शेवट आशादायी हवा होता का. कथा ज्यांची बनलेली असते त्या वाक्यांबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. फार तर ‘भाषा ओघवती आहे’ किंवा ‘भाषा जरा बोजड वाटली’. कुठे बोजड वाटली, कितव्या पानावर, असं विचारलं की समोरचा गडबडतो.

माझं म्हणणं एवढंच आहे : वाक्याच्या स्पष्टपणाबद्दल वाचकाने लेखकाला दोनच गोष्टी सांगाव्यात. मी कुठे अडलो, आणि तिथे मला काय कळलं. ते वाक्य कसं हवं होतं, मी लिहिलं असतं तर काय लिहिलं असतं, हे अभिप्रायात बसत नाही. जेवताना दाताखाली खडा आला तर माणूस ‘खडा लागला’ म्हणतो. तांदूळ कसे निवडायचे याचं व्याख्यान देत नाही.

एक उदाहरण देते. बीड जिल्ह्यातल्या एका तरुण लेखकाने ऊसतोडीवरची कथा पाठवली. पहिलंच वाक्य होतं : ‘उचल दिलेला माणूस संध्याकाळपासून दारात बसून होता.’ उचल म्हणजे हंगामाआधी मुकादम मजुरांना देतो ती आगाऊ रक्कम. पुण्यात बसून मी वाचलं ते असं : उचल देणारा मुकादम वसुलीला आलाय, मजुराच्या दारात ठाण मांडून बसलाय, आत घरातली माणसं धास्तावलेली आहेत. या समजुतीवर मी पानभर पुढे गेले. मग आतून चहा आला, तो आणणाऱ्या बाईच्या हातात सोन्याच्या पाटल्या होत्या, आणि दारातला माणूस तिच्याकडे मान वर करून बघायला तयार नव्हता. तेव्हा कुठे उलगडलं. घर मुकादमाचं होतं. दारात बसलेला मजूर होता, ज्याला उचल दिली होती तो.

मराठीतलं ‘-लेला’ हे मोठं बनेल रूप आहे. ‘आंबा खाल्लेला मुलगा’ म्हटलं की खाणारा कोण ते कळतं. पण ‘पैसे दिलेला माणूस’ हा देणाराही असू शकतो आणि घेणाराही. ‘शेत विकलेला माणूस’ म्हणजे ज्याने विकलं तो, की ज्याला विकलं तो? बोलताना असलं काही अडत नाही, कारण तो माणूस कोण हे दोघांनाही माहीत असतं. कथेच्या पहिल्या वाक्यात वाचकाला काहीच माहीत नसतं.

मी फोन केला. म्हटलं, “तुमचं पहिलं वाक्य वाचून मला वाटलं, मुकादम मजुराच्या दारात बसलाय.”

“नाही ताई, उलटं आहे. पुढे येतंय की ते. पाटल्या आहेत ना तिच्या हातात.”

“पाटल्यांपर्यंत मी चुकीच्या घरात बसले होते.”

तो थोडा वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “आमच्याकडं कुणी वाचलं असतं तर त्याला बरोबर कळलं असतं.”

“शक्य आहे. तुमच्याकडच्याच कुणाला तरी वाचायला द्या. पाटल्यांच्या आधी थांबवा आणि विचारा, घर कुणाचं आहे.”

चार दिवसांनी त्याचाच फोन आला. गावातल्या दोघांना वाचायला दिलं होतं. एकाने मुकादमाचं घर म्हटलं, दुसऱ्याने मजुराचं. माझ्या डोक्यात उपाय तयार होता : ‘दिलेला’च्या जागी ‘घेतलेला’ करा, काम झालं. मी तो सांगितला नाही. त्याने नवं पाठवलं ते असं : ‘मुकादमाच्या दारात तात्या संध्याकाळपासून बसून होता. उचलीचे पैसे संपले होते आणि कोयता अजून माळ्यावरच होता.’ हे वाक्य मला सात जन्मांत सुचलं नसतं. टोळी निघायची वेळ आली तरी कोयता माळ्यावर असणं म्हणजे काय, हे मला आतून माहीत नाही. त्याला माहीत आहे. मी ‘घेतलेला’ सुचवलं असतं तर त्याने मान देऊन तेच ठेवलं असतं, वाक्य व्याकरणाने निर्दोष झालं असतं आणि कथा एका चांगल्या सुरुवातीला मुकली असती.

म्हणून म्हणते, अडलेली जागा दाखवावी आणि हात मागे घ्यावा.

जागा दाखवायला वाचक लागतोच, कारण लेखकाला ती दिसत नाही. डोकं कितीही तल्लख असो, जे आपल्याला आधीच माहीत आहे ते माहीत नसल्यासारखं वाचणं जवळजवळ अशक्य. त्यात आपल्या भाषेच्या स्वतःच्या खोड्या आहेत. क्रियापदात लिंग-वचन येतं म्हणून आपण कर्ता बिनधास्त गाळतो. ‘आली, बसली, काही बोलली नाही.’ खोलीत एकच बाई असेल तर सुंदर. सासू, सून आणि नणंद असतील तर कोण बसली आणि कोण बोलली नाही, याचा हिशेब वाचकाने मांडायचा. आदरार्थी अनेकवचनाची तीच गत. ‘बाई आणि मुली आल्या. त्या फार दमल्या होत्या.’ दमल्या कोण, एकट्या बाई की सगळ्याच? ‘विनायकने शंकरला त्याच्या वडिलांच्या दुकानात सोडलं’ यात वडील कुणाचे? विनायकचे असतील तर ‘आपल्या’ हा शब्द भाषेने हाताशी ठेवलेला आहे. तो वापरायची आठवण मात्र राहत नाही.

सर्वांत गंमत सामान्यरूपाची. ‘जुनं पुस्तकांचं दुकान’ आणि ‘जुन्या पुस्तकांचं दुकान’ यांत कुणाचा गोंधळ होत नाही. पण नायकाला आत पाठवा : ‘तो जुन्या पुस्तकांच्या दुकानात शिरला.’ आता जुनं काय? पुस्तकं रद्दीतली आहेत, की नव्या पुस्तकांचं दुकान आजोबांच्या काळातलं आहे? लेखकाच्या डोळ्यांपुढे दुकान लख्ख उभं असतं, त्यामुळे त्याला प्रश्नच पडत नाही. अशा वेळी ‘भाषा बोजड’ म्हणण्याने काय साधणार? ‘मला रद्दीचं दुकान दिसलं’ म्हटलं तर साधेल.

इथे एक आक्षेप हमखास येतो. साहित्यात सगळं स्पष्टच कशाला हवं? जी. ए. कुलकर्णींच्या कथा एका वाचनात कळतात का? नाही कळत. पण काय कळत नाही ते पाहा. जी. एं.च्या कथेत माणूस कुठल्या वाटेने चाललाय, समोर काय उभं आहे, उजेड कसा आहे, हे अतिशय ठसठशीत दिसतं. त्या सगळ्याचा अर्थ काय, हे मात्र वर्षानुवर्षं सुटत नाही. गूढ अर्थाचं आहे, वाक्याचं नव्हे. वाचकाला ‘मला हे अजून कळलेलं नाही’ हे कळत असेल तर तो लेखकाने मांडलेला डाव असू शकतो. ‘मला कळलं’ असं वाटत असताना भलतंच कळलेलं असेल, आणि लेखकाला तसं व्हायला नको असेल, तर तो डाव नव्हे. अभिप्राय देणाऱ्याला हा फरक करता यायला हवा.

दुसरा गैरसमज असा की स्पष्ट म्हणजे आखूड, आणि स्पष्ट म्हणजे प्रमाण. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ 1955 साली पुस्तकरूपाने आली. तिची छोटी छोटी वाक्यं नमुना म्हणून दाखवायचा मोह मलाही होतो. पण आखूड वाक्य धूसर असू शकतं आणि अर्ध्या पानाचं वाक्य आरशासारखं असू शकतं. ‘आली, बसली’ याहून आखूड काय असणार? भालचंद्र नेमाड्यांच्या ‘कोसला’तला, 1963 सालचा, पांडुरंग सांगवीकर व्याकरणाच्या मास्तरांना घाम फोडेल असं बोलतो, तरी तो काय म्हणतोय हे कळायला अडचण येत नाही. उद्धव शेळक्यांची ‘धग’ वऱ्हाडीत जगते. ती ‘स्वच्छ’ करून घेतली असती तर काय उरलं असतं?

अभिप्राय देणाऱ्याची खरी परीक्षा इथे होते. वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी किंवा मराठवाडी बोलीतून लिहिणाऱ्या मुलांना ‘कळत नाही, शुद्ध लिहा’ हे वाक्य इतक्यांदा ऐकावं लागतं की पुढे ते कुणाचंच ऐकेनासे होतात. ते योग्यच करतात. शब्द माझ्या ओळखीचा नसणं ही माझी उणीव असू शकते. वाक्यात कोण काय करतंय हे न कळणं ही वाक्याची. ऊसतोडीच्या कथेत ‘कोयता’ हा शब्द हत्यारासाठी येतो तसाच तोडीला निघालेल्या नवरा-बायकोच्या जोडीसाठीही येतो. ‘एका कोयत्याची उचल’ हे मला पहिल्यांदा कळलं नाही. तीन ओळींनी कथेनेच शिकवलं. हे अडणं मी लेखकाला सांगितलं, आणि सोबत हेही सांगितलं की इथे काही करू नका. दोन्ही सांगणं गरजेचं आहे.

वाक्यावरच्या अभिप्रायाचा माझ्या मते सर्वांत चांगला नमुना एका पत्रात आहे. 1899 साली चेकॉव्हने गॉर्कीला लिहिलेलं. चेकॉव्ह 39 वर्षांचा, गॉर्की 31 चा आणि नुकताच गाजायला लागलेला. चेकॉव्ह त्याला सुचवतो की मुद्रितं तपासताना नामांची आणि क्रियापदांची विशेषणं जमतील तिथे खोड. पण तेवढ्यावर थांबत नाही, कारण सांगतो. माणूस गवतावर बसला, एवढंच लिहिलं तर ते वाचकाच्या मनात लगेच उतरतं. त्याच माणसाची उंची, छाती, दाढी, गवताचा रंग आणि माणसाच्या बसण्याची तऱ्हा एकाच वाक्यात कोंबली की मेंदूला ते एका दमात पेलत नाही. आणि ललित लेखन तर क्षणात पोचायला हवं. यातलं लदलेलं वाक्य चेकॉव्हने स्वतः रचलेलं आहे. गॉर्कीचं वाक्य उचलून त्याने ते दुरुस्त करून दाखवलेलं नाही. वाचणाऱ्याच्या डोक्यात काय होतं ते सांगितलं आणि कथा गॉर्कीच्या हातात राहू दिली.

याच्या दुसऱ्या टोकाला अमेरिकेतला रेमंड कार्व्हर आणि त्याचा संपादक गॉर्डन लिश. कार्व्हरचा जो कथासंग्रह 1981 साली आला, त्यातल्या काही कथा लिशने निम्म्याहून अधिक कापल्या होत्या, शेवट बदलले होते, नावं बदलली होती. 8 जुलै 1980 रोजी कार्व्हरने त्याला पत्र लिहून पुस्तकाचं काम थांबवण्याची विनवणी केली. पुस्तक निघालंच, आणि त्याच पुस्तकाने कार्व्हरचं नाव झालं. मूळ कथा त्याच्या मृत्यूनंतर, 2009 साली ‘बिगिनर्स’ या नावाने छापल्या गेल्या. कुठल्या कथा सरस यावर आजही वाद आहे. मला त्या वादात शिरायचं नाही. लिशची वाक्यं काचेसारखी आहेत हे मान्य करूनही प्रश्न उरतोच : ती कुणाची? अभिप्रायाने लेखकाला स्वतःच्याच कथेबाहेर काढलं तर स्पष्टपणा मिळूनही ते नुकसानच.

आपल्याकडे याची परंपरा नव्हती असं मुळीच नाही. 1982 मध्ये बंद पडलेल्या ‘सत्यकथे’चे श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन हे संपादक कथा वाचून लेखकांशी सविस्तर पत्रव्यवहार करत, पुनर्लेखन सुचवत. लघुनियतकालिकांच्या चळवळीतले तरुण ‘सत्यकथे’वर चिडले, त्यांनी तिची होळीही केली. कुणाची अभिरुची, कुणाची मराठी, हा त्यांचा सवाल रास्त होता. पण अभिरुचीची मक्तेदारी मोडताना एकेका वाक्यावर बोट ठेवून बोलायची सवयही मोडली, आणि तिच्या जागी आपण काही आणलं नाही. आणलं ते ‘छान’.

आता घेणाऱ्याबद्दल. लेखकाचा पहिला झटका खुलासा करण्याचा असतो : ‘पुढे येतंय ते’, ‘मला असं म्हणायचं होतं की…’. म्हणायचं होतं ते वाक्यात असेल तर खुलासा कशाला लागतो? दिवाळी अंकाच्या प्रत्येक प्रतीसोबत लेखकाला वाचकाच्या घरी पाठवायची सोय आम्ही अजून केलेली नाही. 1936 मध्ये सुरू झालेल्या आयोवा विद्यापीठाच्या लेखन कार्यशाळेतून एक रिवाज जगभर गेला : कथेवर चर्चा चालू असताना लेखकाने तोंड उघडायचं नाही. अलीकडे त्यावर टीका होते, आणि तीही खरी आहे. वर्गातल्या बहुसंख्यांना ज्याचं जग अनोळखी, त्या लेखकाला गप्प बसवून त्याच्या जगाबद्दल वाटेल ते बोललं जातं. मी मधला मार्ग धरते. वाचक सांगेल तोवर लेखकाने फक्त लिहून घ्यावं. मग बोलावं, पण प्रश्नांनी : ‘घर कुणाचं वाटलं? कधी वाटलं? कुठल्या शब्दाने वाटलं?’

याच्या उलट दोषही आपल्याकडे भरपूर आहे. ‘सर, तुम्ही म्हणाल तसं बदलतो.’ ही नम्रता नव्हे, जबाबदारी झटकणं आहे. एका वाचकाने एक वाक्य सुचवलं, दुसऱ्याने दुसरं, आणि लेखकाने दोन्ही चिकटवली, की कथा कुणाचीच राहत नाही. मी नव्या लेखकांना सांगते : तीन जण एकाच जागी अडले आणि तिघांनी तीन वेगवेगळे उपाय सांगितले, तर उपाय तिन्ही सोडा, जागा मात्र नक्की दुखरी आहे. एकटाच अडला तर तो कोण आहे ते पाहा. तो तुमचा वाचक असेल तर विचार करा. तो पेंगत वाचत होता असं वाटलं तर कुणाला तरी कथा मोठ्याने वाचायला सांगा आणि शेजारी बसून ऐका. जिथे तो मागे जाऊन वाक्य पुन्हा उचलतो, तिथे खूण करा.

हल्ली यंत्राकडून ‘सुधारून’ घेतलेल्या कथाही येतात. वाक्यं गुळगुळीत, एका मापाची. यंत्राला ‘उचल दिलेला माणूस’ दिला तर ते दोनांतला एक अर्थ मुकाट्याने धरून पुढचं सगळं त्याला जुळवून देऊ शकतं. लेखकाला कळतही नाही की इथे निवड करायची होती. न अडणारा वाचक म्हणूनच कामाचा नाही.

माझी सूचना संपादक आणि प्रकाशक मंडळींना आहे. 1909 साली का. र. मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी कथेला दर वर्षी हक्काचा बाजार मिळत आला आहे. आज अंकाच्या श्रेयनामावलीत मुखपृष्ठ, मांडणी, अक्षरजुळणी, मुद्रितशोधन, जाहिरात संकलन असं सगळं असतं. कथा छापण्याआधी लेखकाशी वाक्यावाक्याने बोलणारा माणूस नसतो. मुद्रितशोधकाकडे ते काम ढकलू नका. मी स्वतः तिथूनच सुरुवात केली आहे. त्याच्या हातात पान येतं तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ पाहायलाही वेळ पुरत नाही. प्रत्येक अंकाने स्वीकारलेल्या कथेसाठी दोन पहिले वाचक नेमावेत : एक लेखकाच्या मुलखातला, एक बाहेरचा. दोघांनी फक्त अडलेल्या जागा आणि तिथे कळलेला अर्थ लिहून द्यावा. दुरुस्ती करायला मनाई. दोघांना मानधन द्यावं.

पैसे कुठून आणायचे, हे विचारलं जाणार. बहुतेक अंकांत घाईने घेतलेल्या दोन कथा तरी अशा असतात ज्या नसत्या तर कुणाला चुकल्यासारखं वाटलं नसतं. त्या दोन कमी छापाव्यात. वाचलेल्या कागदाच्या आणि मानधनाच्या पैशांत उरलेल्या सगळ्या कथांचे पहिले वाचक सहज बसतील.